दुकानाला चोवीस तास, शरीराला किती?

"डॉक्टर, झोपायची गोळी मागणारी माणसं तुमच्याकडं रोजच येत असतील. जागं राहायची गोळी असली तर मला द्या."

२०२५ च्या दिवाळीनंतर कोरेगावातील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले आणि खुर्चीवर टेकता टेकताच त्यांनी ही मागणी केली. साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचे किराणा व जनरल स्टोअर्स आहे. वय सेहेचाळीस. नोकर एकच, तोही संध्याकाळी आठला घरी जाणारा. बाकी सारा कारभार नवरा-बायकोचा, आणि शाळेतून आला की मुलाचा. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या रक्तात साखर सापडली होती आणि मी गोळी सुरू केली होती. त्या दिवशी उपाशीपोटीची साखर १६८ निघाली.

"पथ्य पाळताय ना?" मी विचारले.

"पथ्य सगळं पाळतोय. झोप तेवढी राहिली बघा." असे म्हणून त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. "आता चोवीस तास दुकान चालवायला सरकारनंच परवानगी दिलीय. पलीकडच्यानं एक वाजेपर्यंत चालू ठेवायला सुरुवात केली. मी अकराला शटर ओढलं तर माझं गिऱ्हाईक त्याच्याकडं जातंय की. एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही."

त्यांची अडचण खरी होती. पण त्यांनी मागितलेली गोळी माझ्याकडे नव्हती, आणि असती तरी मी दिली नसती. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, म्हणून पाच मिनिटांत जमेल तेवढे सांगितले. रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर बसणारी घरे आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत, तेव्हा तेच उत्तर आज जरा सविस्तर लिहितो.

परवानगी नेमकी कशाची?

आधी त्या कात्रणाविषयी. पूर्वी आपल्याकडे १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम होता. तो जिथे लागू होता तिथे दुकान किती वाजता उघडायचे, किती वाजता बंद करायचे हे ठरलेले असे, आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावेच लागे. दुकानदारांना तेव्हा हा जाच वाटे. १९ डिसेंबर २०१७ पासून त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा आला आणि दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. मुंबईत जानेवारी २०२० मध्ये मॉल आणि व्यापारी संकुले रात्रभर उघडी ठेवण्याचा निर्णय गाजला, पण मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. पुढे १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने स्पष्ट केले की, दारू विकणारी व पुरवणारी ठिकाणे वगळता इतर दुकाने व हॉटेले चोवीस तास उघडी राहू शकतात.

आता यातली मेख पाहा. दुकान सातही दिवस उघडे राहिले तरी प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे, असे २०१७ चा कायदा सांगतो. त्याने कामाचे तास दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ ठरवले. दिवसाचे तास १० करण्याच्या निर्णयाला सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. म्हणजे तास थोडे पुढे-मागे झाले, तरी नोकराला मर्यादा आहे आणि सुट्टी आहे.

पण मालकाचे काय? कामगार मोजून लागू होणाऱ्या या तरतुदी मोठ्या दुकानांसाठी आहेत. मूळ कायद्यात ही संख्या १० होती. नवरा, बायको आणि एक नोकर अशा दुकानाला त्या लागूच होत नाहीत. आणि स्वतःच्या दुकानात बसलेल्या मालकाला कोणताच कायदा "आता ऊठ आणि झोपायला जा" असे सांगत नाही. जुन्या कायद्यातील सक्तीची सुट्टी जाच वाटत असली, तरी त्या एका दिवशी मालकाच्या घरीही दुपारची झोप होत असे. आता ती सुट्टी ज्याची त्याने घ्यायची आहे. परवानगी दुकानाला मिळाली आहे. शरीराला ती कोणीही दिलेली नाही.

शरीरातील घड्याळ

शरीराला परवानगी का लागते, ते समजून घेऊ. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या मागे, जिथे डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. ते सकाळच्या उजेडावर लावले जाते. अंधार पडला की त्याच्या आज्ञेने मेलॅटोनिन नावाचे द्रव्य पाझरू लागते, शरीराचे तापमान उतरू लागते आणि झोप येते. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसोल वाढते आणि शरीर उठायच्या तयारीला लागते. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली लहान घड्याळे असतात आणि ती मुख्य घड्याळाच्या तालावर चालतात. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते ते फळमाशीवर अभ्यास करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे आपल्याकडे दुकाने सातही दिवस उघडी ठेवण्याची मुभा आली तीही त्याच वर्षी!

दुकानातील पांढऱ्याशुभ्र ट्यूबच्या उजेडात, मोबाईलकडे बघत बारा वाजेपर्यंत बसले की मेंदूला वाटते अजून दिवसच आहे. मेलॅटोनिन उशिरा पाझरते. मग शटर ओढून घरी गेल्यावरही तासभर डोळा लागत नाही. दुकानदार म्हणतात, "अंग दमतंय, पण झोप येत नाही." ती याच कारणाने.

साखरेचा हिशोब

आमच्या गृहस्थांची साखर पथ्य पाळूनही का उतरत नव्हती, याचे एक उत्तर शिकागो विद्यापीठातील एका अभ्यासात आहे. १९९९ मध्ये तिथल्या संशोधकांनी अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद स्पष्टपणे घसरली. ही तरणीताठी, निरोगी मुले होती. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांनी महिनोन्महिने चार तास झोपून साखर ताब्यात राहील अशी आशा धरणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट रात्रीच्या खाण्याची. तेच जेवण संध्याकाळी सातला घेतले आणि रात्री बाराला घेतले, तर बाराच्या जेवणानंतर रक्तातील साखर अधिक वाढते, कारण रात्री इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. शिवाय झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते. मग बारा वाजता हात आपोआप फरसाणाच्या बरणीकडे जातो. दुकान आपलेच, बरणी हाताशीच!

रक्तदाबही झोपेत नैसर्गिकरीत्या खाली येतो. ती विश्रांती मिळाली नाही, तर हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चोवीस तास ओझे वाहावे लागते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळी हे कर्करोगाचे 'बहुधा' कारण असल्याचे मत दिले. 'बहुधा' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रात्री जागणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होईल असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण जागरण ही अंगाला न लागणारी गोष्ट आहे हा समज मात्र आता सोडून द्यायला हवा.

न पिता चढलेली नशा

आमचे हे गृहस्थ आठवड्यातून दोनदा पहाटे चारला उठून मोटारसायकलवरून साताऱ्याला भाजी आणायला जातात. हे ऐकून मला साखरेपेक्षा जास्त काळजी वाटली. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात आणि लक्ष यांचा मेळ, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याने गाडी चालवणाऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची! म्हणजे सकाळी सहाला उठलेला दुकानदार रात्री अकरानंतर शटर ओढून गाडीला किक मारतो, तेव्हा थेंबही न पिता तो त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा गाडी चालवत असतो. पोलिसांच्या यंत्रात हे दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

घरातल्या बाईची झोप कोण मोजणार?

बोलता बोलता मी सहज विचारले, "पहाटेचं दूध कोण उतरवून घेतं?"

"ती घेती की. साडेचारला गाडी येती."

"आणि रात्री दुकानात बारापर्यंत कोण असतं?"

"दोघंबी असतो. हिशोब तिच्याकडंच असतो."

मी मनात आकडे मांडले. साडेबाराला पाठ टेकणारी बाई साडेचारला उठते. चार तास. त्यानंतर मुलाचा डबा, सासूबाईंचे औषधपाणी, परत दुकान. "उद्या वहिनींना घेऊन या," मी म्हणालो. "तिला काय धाड भरलीय? तिची काय तक्रारच नाही," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी घेऊन आले.

वहिनींचा रक्तदाब १६४/१०२ निघाला. थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. डोके दुखते का, विचारले. "ते तर वर्षभर दुखतंय. त्याला काय डॉक्टरकडं यायचं? दुकानात गोळ्या असतातच, घेते एखादी." ज्यांना दिवसाला दोन-दोन वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय लागते, त्यांचा रक्तदाब या गोळ्यांनी आणखी वाढू शकतो, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. आमचे गृहस्थ गप्पच झाले. जागे राहायची गोळी मागायला आले होते ते, आणि जास्त आजारी निघाली त्यांची बायको. वाचकांमध्ये दुकानदार असतील त्यांनी आज घरी गेल्यावर एवढा हिशोब जरूर मांडावा : घरातील प्रत्येक माणूस किती तास झोपतो? तो आकडा गल्ल्यातील आकड्याशेजारी लिहून पाहावा.

मुलांचेही तेच. दहावीचा मुलगा गल्ल्यामागे पोत्यावर बसून बारापर्यंत अभ्यास करतो, याचे आपल्याला कौतुक वाटते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, आणि तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. सरकारने सकाळ पुढे ढकलली. आपण रात्र पुढे ढकलली, तर मुलाच्या पदरात काय पडणार?

रात्रीचे गिऱ्हाईक कोण?

म्हणजे रात्री दुकाने बंदच असावीत का? तसे मी म्हणणार नाही. आपला तालुका रात्री झोपतो असे समजणे चूक आहे. रात्रीच्या पाळीला शेतीपंपाची वीज आली की शेतकरी उसाला, आल्याला पाणी द्यायला रानात जातो. हंगामात उसाच्या गाड्या रात्रभर चालतात. रेल्वेने रात्री उतरलेला प्रवासी असतो. कुणाच्या लेकराला जुलाब लागतात. अशांना बॅटरीचे सेल, बिस्किटाचा पुडा, दूध, जलसंजीवनीची पुडी मिळाली तर ती सोयच आहे. जलसंजीवनी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) घालूनही काम भागते, हे घरोघरी ठाऊक असावे. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, सर्पदंश यांसाठी दुकानाची वाट धरू नये. १०८ वर फोन करावा.

पण आमच्या गृहस्थांनी माझ्या सांगण्यावरून आठ दिवस अकरानंतरची विक्री वेगळ्या वहीत लिहिली. निम्म्याहून जास्त विक्री तंबाखू, सिगारेट आणि थंड पेयांची निघाली! त्यातून हाती राहिलेला नफा पाहून वहिनीच म्हणाल्या, "एवढ्यासाठी आपण जागतोय होय?"

जपानमध्ये चोवीस तास उघडी असणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. तिथे फेब्रुवारी २०१९ मध्ये ओसाकाजवळच्या एका दुकानदाराने रात्री एक ते सहा दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. दुकानात बरोबरीने राबणारी पत्नी वारली होती, रात्री कामाला माणसे मिळत नव्हती, आणि एकट्याने ओढून ओढून तो थकला होता. ज्या कंपनीच्या नावाने तो दुकान चालवत होता तिला हे करारात बसेना. प्रकरण देशभर गाजले आणि पुढे त्या कंपनीला काही दुकाने रात्री बंद ठेवू देण्याची तयारी दाखवावी लागली. आपल्या दुकानदाराच्या डोक्यावर तसली कंपनीही नाही. आपले शटर आपल्याच हातात आहे.

रात्री दुकान चालवायचेच असेल तर

१. दोघांनी एकदम जागू नये. रात्री उशिरा बसणाऱ्याने पहाटेचे दूध उतरवू नये. प्रत्येकाला सलग सात तास मिळतील अशी पाळी लावावी. एका दिवशी उशिरा, दुसऱ्या दिवशी लवकर अशी ओढाताण करू नये. झोपेची वेळ शक्यतो रोज तीच ठेवावी.

२. सात तास एकगठ्ठा मिळतच नसतील, तर रात्री निदान पाच तास आणि दुपारी दीड-दोन तास अशी विभागणी करावी. दुपारची झोप खोलीत अंधार करून, मोबाईल दूर ठेवून घ्यावी.

३. जेवण रात्री आठच्या आत उरकावे. नंतर भूक लागलीच तर ताक किंवा मूठभर फुटाणे. मधुमेहींनी ताकात साखर घालू नये.

४. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्याचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात उरतो. संध्याकाळी सहानंतर चहा नको.

५. दहानंतर गल्ल्याजवळचा उजेड कमी ठेवावा आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास उन्हात फिरावे. घड्याळ लावण्याचा हा बिनपैशांचा उपाय आहे.

६. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावे. कायदा सांगत नसला तरी ठेवावे.

७. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारे, फिट येणारे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, तसेच गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचे जागरण सुरू करू नये. जेवणाच्या वेळा बदलल्या की औषधांच्या वेळाही बदलाव्या लागतात. ते आपल्या मनाने केले, तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

आणखी एक सुचवावेसे वाटते. काही गावांत औषध दुकानदार रात्रीची पाळी आपसात वाटून घेतात. किराणा दुकानदारांनी तसे का करू नये? एका रस्त्यावरच्या चार दुकानांपैकी रोज एकानेच उशिरापर्यंत उघडे राहावे आणि बाकीच्या तिघांनी 'आज अमुक दुकान उघडे आहे' अशी पाटी शटरवर लावावी. गावाचीही सोय होईल आणि स्पर्धेपायी चौघांच्या चार संसारांची झोप मोडणार नाही.

आमच्या गृहस्थांनी पलीकडच्या दुकानदाराशी बोलून हे केले. तोही कंटाळलेलाच होता, पहिल्यांदा कोण बोलणार एवढाच प्रश्न होता. आता दोघे आठवड्यातून दोन-दोन रात्री वाटून घेतात आणि उरलेल्या रात्री साडेदहाला शटर खाली येते. दूध उतरवायला नोकराचा भाऊ येतो. त्याला पैसे द्यावे लागतात, ते वहिनींनी हिशोबात धरले आहेत. परवा दोघेही तपासणीला आले होते. त्यांची साखर १३४ वर आली आहे. वहिनींचा रक्तदाब गोळी चालू असताना १३८/८६ आहे. दोघांच्याही गोळ्या बंद झालेल्या नाहीत आणि त्यांनी त्या आपल्या मनाने बंद करूही नयेत. पण डोकेदुखीची गोळी वहिनींनी महिन्याभरात एकदाही घेतलेली नाही.

शेवटी, आपण जे गिऱ्हाईक आहोत त्यांच्यासाठी दोन शब्द. दुकानदार बारापर्यंत जागतो ते आपण बाराला जातो म्हणून. घरात साखर-चहापत्ती आहे की नाही हे संध्याकाळीच पाहिले, तर गल्ल्यामागच्या एका माणसाला तासभर आधी पाठ टेकता येईल. आणि बाराला दुकान उघडे दिसले म्हणून केवळ तंबाखूच्या पुडीसाठी कुणी घराबाहेर पडत असेल, तर त्याच्याही प्रकृतीसाठी त्या वेळी शटर खाली असलेलेच बरे.